मी शिवलेले चोरखिसे

मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी नक्षी पुसून गेली आहे, चाकाचा रंग उडाला आहे आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय मी धड उभी राहत नाही. तरी मला भंगारात काढण्याची घाई करू नका. मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, जाड कापडाची. फ्रॉक आणि झबली शिवणाऱ्या माझ्या नाजूक बहिणी वेगळ्या. मी जन्मभर बॅगा शिवल्या. त्या बॅगांपायी मी पोलीस ठाणे पाहिले, जप्तीच्या मालाची खोली पाहिली आणि कोर्टही पाहिले. हे कसे घडले ते सांगते. गोष्ट गोड नाही, पण तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझी मान घडवली, कानशीने कडा घासल्या आणि वर काळा रंग चढवला. शेवटी एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्या सुईखाली ताडपत्रीचे चार पदर घातले आणि चाक फिरवले. मी न अडखळता पार गेले. त्याने नुसती मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला. आम्हा यंत्रांना तेवढे कौतुक पुरते.

मला विकत घेतले ते मावशीने. ती तेव्हा तिशीतली होती आणि बॅगांच्या कारखान्यात दहा वर्षे दुसऱ्याच्या मशिनीवर बसून कंटाळली होती. तिने जिन्याखालची जागा घेतली. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. "एक मशीन सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात आणखी नवरा कुठे सांभाळू?" असे ती म्हणे. मी ते मनावर घेत नसे, कारण रोज सकाळी ती आधी माझ्या सांध्यांत तेलाचे थेंब सोडी आणि मगच स्वतःचा चहा घेई.

आमचे दिवस चांगले गेले. दप्तरांचे बंद, हमालांची पोती, डॉक्टरांच्या बॅगा, टपाल वाटणाऱ्याचा खांद्यावरचा झोळा, काय नाही शिवले? मावशीची शिलाई उसवत नाही, एक वेळ कापड फाटेल, असे गिऱ्हाइके म्हणत. मावशी हसून विषय बदली. मी मात्र ते शब्द मुरवून ठेवी. गर्विष्ठ म्हणा हवे तर.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगते, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचे कळणार नाही. एकदा घाईत मावशीने पितळी चेनवरूनच शिलाई नेली. सुई मोडली, तिचा तुकडा खाली गेला आणि माझा एक दाता वाकला. दाते म्हणजे सुईखालची खरखरीत पट्टी; ती कापड पुढे सरकवते. तेव्हापासून मी काहीही शिवले की कापडाच्या उलट्या बाजूला, टाक्यांच्या डावीकडे, टाचणी टोचावी एवढा एक ठिपका पडतो. प्रत्येक टाक्याला एक. मेकॅनिक म्हणाला, "हा भाग आता मिळत नाही. पण सुलट बाजू स्वच्छ येतेय ना?" सुलट बाजू स्वच्छच येत होती. मावशीने काम चालू ठेवले.

मग ठकी आली. ठकी म्हणजे मावशीची भाची. तिची आई दुसऱ्या शहरात एका आजारी बाईची देखभाल करायला राहायची, म्हणून कॉलेजसाठी मुलगी मावशीकडे आली. अठरा वर्षांची होती, पण मावशी तिला अजून बाहुलीच समजे आणि म्हणून ठकी म्हणे. ठकी माझ्या फळीवर पुस्तक ठेवून वाचायची. मी चालू असले की अक्षरे हलतात, अशी तक्रारही करायची. तिला मोठी परीक्षा द्यायची होती. हजारो मुले बसतात आणि मूठभर पास होतात, अशी ती परीक्षा.

त्याच वर्षी दुकानात एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले. त्याच्या शर्टाला अशी इस्त्री असायची की बाहीच्या घडीवर बोट कापेल. मावशीने त्याचे नावच 'कडक इस्त्री' ठेवून दिले. बोलणे मऊ, नजर खाली. तो दर महिन्याला पाठीवर घ्यायच्या काळ्या बॅगांचा गठ्ठा आणायचा. प्रत्येक बॅगेत अस्तराच्या मागे एक सपाट चोरखिसा शिवून हवा असायचा. चेन नको, बटण नको. वरून हात फिरवला तरी कळू नये.

"आमचे विक्रेते गावभर फिरतात," तो म्हणाला. "महत्त्वाचे कागद असतात हो. चोऱ्यामाऱ्या फार."

मावशी प्रामाणिक बाई. तिने पहिल्याच दिवशी त्याला माझी खोड दाखवली. "उलट्या बाजूला जरा ठिपके पडतात. चालेल ना?"

"आतलं कोण बघतंय, मावशी?" तो म्हणाला.

त्याने भावात कधी घासाघीस केली नाही. त्या गल्लीत घासाघीस न करणारा तो एकटाच होता आणि त्याच गोष्टीने मावशीला शंका यायला हवी होती. पण काम चोख, पैसे वेळेवर, माणूस सभ्य. खिसा कशासाठी, हे तिने पुन्हा विचारले नाही. मीही खटाखट चालत राहिले. मला तोंड नाही हे खरे, पण खरे सांगायचे तर माझ्याही मनात काही आले नाही. एवढे नियमित काम मिळाल्याने मी खूश होते.

इकडे ठकी बदलू लागली. रात्ररात्र तिचा दिवा जळे आणि सकाळी ती तरतरीत दिसे. बोलण्याला खळ नसे. एके दिवशी तिने सगळी दोऱ्याची रिळे रंगांप्रमाणे लावली, मोडली आणि पुन्हा लावली. ताटातले अन्न तसेच राही. आणि मित्रांनो, हे सांगताना मला अजून लाज वाटते, पण मावशीला त्याचे कौतुक वाटे. शेजारणीला ती सांगे, "डोळ्याला डोळा लावत नाही पोरगी. किती तो अभ्यास." नंतर एखादा दिवस ठकी दार लावून पडून राही, हाक मारली तर अंगावर येई. मावशी म्हणे, दमली असेल.

एका शनिवारी सकाळी ठकी अंघोळीला गेली होती. तिने आणलेली एक काळी बॅग खुंटीला अडकवली होती. मैत्रिणीची आहे, असे म्हणाली होती. त्या बॅगेचा एक बंद निम्मा निघाला होता. चोरखिशाची बॅग नीट पोहोचवायची असेल, तर ती फाटक्या बंदासह बॅगा शिवणाऱ्या बाईच्या घरात टांगू नये. ठकीच्या हे ध्यानात आले नाही. लोंबता बंद पाहिला की मावशीला राहवत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ती थांबवते. तिने बॅग खाली घेतली, उलटी केली आणि बंद आतून पक्का करायचा म्हणून ब्लेडने अस्तराची कड उसवली.

आत ठिपक्यांची ओळ होती. टाक्याला एक, डावीकडे.

मावशीने खिशात हात घातला. पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या पुड्या निघाल्या. काहींत गोळ्या, काहींत पांढुरकी पूड. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. केस पुसत बाहेर आलेली ठकी उंबऱ्यातच थबकली.

"हे काय आहे?"

"मैत्रिणीचं आहे गं. मला काय माहीत?"

"खिसा माझा आहे, ठके. म्हणून विचारते."

ठकी जमिनीवर बसली आणि रडत रडत सांगू लागली. अभ्यासिकेत कुणीतरी पहिली गोळी फुकट दिली होती. झोप येणार नाही, चार दिवसांचा अभ्यास एका दिवसात होईल, असे म्हणाले होते. खरेच झोप आली नाही. पुढची गोळी फुकट मिळाली नाही. मग गोळीशिवाय पुस्तक उघडेना, अंथरुणातून उठवेना. गळ्यातली सोनसाखळी विकून झाली. तेव्हा गोळी देणाऱ्याने सांगितले, काही हरकत नाही, फक्त ही बॅग इथून तिथे पोहोचव. तिसरी बॅग होती ही.

"कोण आहे तो? कुणासाठी काम करतो?"

"मला फक्त तोच माहीत आहे. त्याला त्याच्या वरचा एक. बाकी कुणालाच काही माहीत नसतं, मावशी. तसंच ठेवतात ते." मग तिने मावशीचे दोन्ही हात धरले. "कुणाला सांगू नकोस. मी तुरुंगात जाईन. मी सोडते सगळं, तुझी शपथ."

पोरगी पकडली गेली तर आयुष्य वाया जाणार, आणि गप्प बसले तर पोरगीच जाणार, हे मावशीला दिसत होते. सवयीने माझ्या पायडलवर ठेवलेला पाय तिने खाली घेतला.

"मी शिवलंय," ती म्हणाली. "उसवणार पण मीच."

घाबरलेल्या ठकीने आधीच एक चूक केली होती. मावशी बॅगेपाशी बसलेली पाहताच तिने मागच्या खोलीतून त्या गोळीवाल्याला बॅग मावशीच्या हाती लागल्याचे फोनवर कळवले होते आणि मगच ती बाहेर आली होती. निरोप वर पोहोचायला वेळ लागला नाही. दुपारी कडक इस्त्री दुकानात हजर झाला. या वेळी बॅगा नव्हत्या.

"मावशी, मशीन फार जुनी झाली तुमची," तो माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाला. तो हात थंड होता. "मी नवीन देतो. विजेवर चालणारी. ही मी घेऊन जातो. हिशेब बरोबर."

"एवढा खर्च कशाला?"

"तुम्ही आमचं इतकं काम केलंत. आणि भाचीची परीक्षा आहे ना? घरात शांतता हवी. कुणाची नजर लागायला नको पोरीला."

धमकी अशी मऊ आवाजात दिली की ती काळजीसारखी वाटते. त्याला ती बॅग नको होती, मित्रांनो. त्याला मी हवी होते. आतले कोण बघणार, असे म्हणणाऱ्या माणसाला आता कळले होते की त्याच्या प्रत्येक बॅगेत माझी सही आहे.

मावशीने डोक्याला हात लावून क्षणभर विचार केल्यासारखे केले. "उद्या दुपारी या. दोन गिऱ्हाइकांचं काम अडकलंय हिच्यावर, तेवढं उरकते. आणि टेम्पो आणा, फार जड आहे ही."

तो गेल्यावर तिने दुकानाला कुलूप लावले, ठकीचा हात धरला, ती बॅग दुसऱ्या पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई बॅगेत इतक्या फायली कोंबायच्या की दर तीन महिन्यांनी त्यांची बॅग माझ्याकडे यायची, ओळख तेवढीच. पण त्या उठल्या आणि दोघींबरोबर ठाण्यात गेल्या.

तिथे काय झाले ते मला पुढे कोर्टात ऐकायला मिळाले. तपास करणाऱ्या बाई अधिकाऱ्याने आधी मावशीकडेच संशयाने पाहिले. इतके खिसे शिवलेत आणि काहीच माहीत नव्हते? मावशीने सबब सांगितली नाही. "विचारायला हवं होतं, विचारलं नाही," एवढेच म्हणाली. मग तिने ठिपके दाखवले. अधिकारीबाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि निरनिराळ्या वस्त्यांत पकडलेल्या पाच बॅगा घेऊन आल्या. त्या बाळगणारे पाचही जण एकमेकांना ओळखत नव्हते, आणि ते खोटेही बोलत नव्हते. पाचही अस्तरे उसवली. पाचांतही ठिपके होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडक इस्त्री टेम्पो घेऊन आला. नवी कोरी मशीन उतरवून झाली आणि त्याने मला उचलायला माणसे बोलावली, तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेली चार माणसे उठली. ती साध्या वेशातली पोलीस मंडळी होती. कडक इस्त्रीच्या शर्टाला त्या दिवशी पहिल्यांदा सुरकुती पडलेली मी पाहिली. गंमत म्हणजे ठाण्यापर्यंत मला त्याच टेम्पोतून नेले. माझ्यासाठी टेम्पो आणल्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

पण माझी गंमत तिथे संपली. माझ्या मानेला आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधली, गाठीवर लाखेचा ठसा उमटवला आणि जप्तीच्या मालाच्या खोलीत ढकलले. तिथे दोन वर्षे गेली. शेजारी एक वजनकाटा, खोकेभर फोन आणि चाके नसलेली एक स्कूटर होती. कुणी तेल घालत नव्हते, कुणी हात लावत नव्हते. छतातून ओल झिरपे. माझ्या सांध्यांत गंज उतरू लागला, ते मला कळत होते. मला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती ऐन वेळी न चालण्याची. माझा दाता गंजून झडला, तर मावशीच्या शब्दाला पुरावा कुठला? मी रोज स्वतःला बजावत असे: अजून नाही, अजून थोडे दिवस.

शेवटी मला कोर्टात नेले. मावशीचे केस पांढरे झाले होते. ठकी तिच्याशेजारी उभी होती. आपण होऊन पुढे आली आणि सगळे खरे सांगितले म्हणून तिला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवले होते. तिथे एकामागून एक साक्षी झाल्या आणि सगळी साखळी उलगडली. कुणीतरी माल शहरात आणायचा, दुसऱ्याने तो एका गोदामात उतरवून घ्यायचा, तिसऱ्याने पुड्या करायच्या, चौथ्याने खिसे शिवून घ्यायचे, पाचव्याने बॅगा वाटायच्या. शेवटी सहाव्याने जागरण करणारा चालक, रात्रपाळीचा कामगार किंवा परीक्षेला बसलेली पोर हेरून पहिली गोळी फुकट द्यायची. जो अडकेल त्याच्याच पाठीवर पुढची बॅग. या साखळीत मावशीही एक कडी होती, आणि मीही.

कडक इस्त्रीचे वकील म्हणाले, "असा ठिपका कुठल्याही मशिनीचा पडेल."

"मग चालवून बघू," मावशी म्हणाली. तिने न्यायाधीशांकडे तेल घालायची परवानगी मागितली. ती मिळाल्यावर तिने पदराच्या टोकाने माझा गंज पुसला, सांध्यासांध्यांत तेल सोडले आणि पायडलवर पाय ठेवला. मी करकरले. चाक अडले. तिने पुन्हा हाताने रेटा दिला, आणि मी माझ्यात होते नव्हते ते बळ एकवटून वीतभर शिलाई घातली. कापड उलटून भिंगाखाली धरले. जुन्या बॅगांचे अस्तर शेजारी ठेवले. न्यायाधीशांनी फार वेळ पाहिले आणि मान हलवली.

वकिलांनी शेवटचा डाव टाकला. "म्हणजे हे खिसे तुम्हीच शिवलेत. मग गुन्हेगार तुम्हीही नाही का?"

"शिवले मी. न विचारता शिवले, ही माझी चूक. ती मी पहिल्याच दिवशी सांगितली," मावशी म्हणाली. "आता ज्यानं शिवून घेतले, त्यानं त्याची सांगावी."

कडक इस्त्रीला शिक्षा झाली आणि त्याच्या वरच्या दोघांनाही. शहरातला सगळा धंदा बंद पडला का? नाही. तुम्हाला खोटे सांगणार नाही. एक साखळी तुटली, एवढेच.

आणि ठकी? ती एका दमात बरी झाली नाही. मध्ये एकदा पुन्हा घसरली, पुन्हा दवाखान्यात गेली. ती झोपायचेच विसरून गेली होती. सारी रात्र या कुशीवरून त्या कुशीवर. मावशीने तिला एकही टोमणा मारला नाही आणि एकही दिवस एकटे सोडले नाही. ती मोठी परीक्षा ठकीने सोडून दिली आणि कॉलेजात पहिल्यापासून नाव घातले. बरोबरीच्या मुली पुढे गेल्या, हे तिला टोचते. तरी ती रोज जाते.

मी आता परत जिन्याखाली आहे. गिऱ्हाइकाने काही वेगळे शिवायला सांगितले की मावशी विचारते, हे कशासाठी? काहींना राग येतो आणि ते निघून जातात. जाऊ देत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात: आम्हाला तेल घाला, जपून वापरा, फेकू नका. मीही तसेच काही सांगणार होते. पण माझे राहू द्या. तुमच्या घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी जेवत नसेल, भलतेच तरतरीत दिसत असेल, तर त्याचे कौतुक करू नका. जवळ बसा आणि विचारा. आणि तुम्हालाच कुणी जागे राहायचे काही फुकट देऊ केले, तर घरी येऊन सांगा. रागावतील म्हणून घाबरू नका. आमच्या मावशीसारखे एखादे माणूस तुमच्याही घरात असते.

आज दुपारी ठकी कॉलेजातून आली, पाणी प्यायली आणि माझ्याशेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर जराशी आडवी झाली. मी एका हमालाचे पोते शिवत होते. तो समोर ताटकळत उभा होता. अचानक मावशीने पायडलवरून पाय उचलला.

"काय झालं?" हमालाने विचारले.

"हळू बोला," मावशी कुजबुजली. "आपणहून झोपलीय ती. बसायचं तर बसा, पण काम नंतर."

हमालाने ठकीकडे पाहिले, डोक्याचे मुंडासे सोडले आणि आवाज न करता पायरीवर बसला. माझी सुई पोत्यात रुतलेली आहे, शिलाई अर्धवट आहे आणि काम अडलेले मला मुळीच खपत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळले असेल. आज मात्र खपते आहे. मीही आता गप्प बसते, म्हणजे तिला पुरेसे झोपता येईल.